टी-शर्ट खाली ओढणारा हात

काही वर्षांपूर्वी मी व्यायामाच्या क्लासला जायला लागले होते. समोर भिंतभर आरसा. दोन्ही हात वर न्यायचे असले की माझा एकच जायचा, दुसरा टी-शर्ट खाली ओढून धरायचा. पोट दिसू नये म्हणून. तासभर सगळं लक्ष तिथेच. दीड महिन्यात क्लास सुटला. ‘हिच्यात चिकाटीच नाही,’ असं सगळे म्हणाले आणि मीही ते खरं मानलं.

आज मला ते साफ चूक वाटतं.

१९९८ साली मानसशास्त्रज्ञ बार्बरा फ्रेड्रिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. आरसा असलेल्या खोलीत एकेकट्याने जायचं, कोणाला पोहण्याचा पोशाख, कोणाला स्वेटर. तो अंगावर असतानाच गणितं सोडवायची. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींची गणितं स्वेटरवाल्या मुलींपेक्षा जास्त चुकली. मुलांना मात्र पोशाखाने काही फरक पडला नाही. खोलीत बघणारं कोणीही नव्हतं, हे मला सगळ्यात जास्त लागलं. बघणारा डोळा आपण आतच घेऊन फिरतो. नुसत्या गणितात तो एवढा आडवा येतो, तर जिथे शरीरच कामाला लावायचं आहे तिथे काय होत असेल?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये जगातल्या ३४ टक्के स्त्रियांची पुरेशी शारीरिक हालचाल होत नव्हती, पुरुषांचं प्रमाण २९ टक्के. पुरेशी म्हणजे आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालण्याइतकी. वेळ नसतो, घरचं काम संपत नाही, अंधारात एकटीने बाहेर पडायची भीती वाटते, ही कारणं खरीच आहेत. पण लाजेचं कारण आपण मोजतच नाही. उलट लाज वाटली की बाई व्यायाम करेल, असं समजून टोमणे मारतो.

लाजेने सुरुवात होते, हे मान्य. टिकत नाही. डेसी आणि रायन हे मानसशास्त्रज्ञ प्रेरणेचे प्रकार वेगळे करून दाखवतात: अपराधीपणातून स्वतःला ढकलणं वेगळं आणि एखादी गोष्ट आवडते, पटते म्हणून करणं वेगळं. व्यायामात दीर्घकाळ टिकते ती दुसरी. माझंही तेच झालं. पुढे एका मैत्रिणीने मला वजन उचलायला शिकवलं. ती कधीही ‘किती कमी झालं?’ म्हणाली नाही, ‘आज किती उचललंस?’ एवढंच विचारायची. मांड्या जाड आहेत हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्या ताकदवान आहेत हे तेव्हा कळलं. वजनकाट्यावर फारसा फरक नाही, पण तीन वर्षं झाली, मी थांबलेले नाही.

हे आज लिहायचं कारण माझी भाची. अकरा वर्षांची आहे. काल बागेत दांड्याला लोंबकळत होती, मजेत. मध्येच एक हात सोडून तिने टी-शर्ट खाली ओढला, दुसऱ्या हाताला भार पेलला नाही आणि ती खाली आली. ‘पोट दिसतं ना,’ म्हणाली. हे तिला कोणी शिकवलं ते मला माहीत आहे. आमच्याच घरातल्या माणसांनी, लाडाने चिमटे काढत.