एका वायरीनं चालतंय की!

इंदूरला राजेंद्रनगरात माझ्या मावसभावाचं सी.ए. ऑफिस आहे. तिथल्या एसीच्या पाण्याची नळी खिडकीच्या गजाला ज्या निळ्या वायरीनं बांधली आहे, ती कॅट सिक्स, म्हणजे कॉम्प्युटर नेटवर्कची वायर आहे. सिल्व्हर मॉलमधून मी घासाघीस करून आणलेली. दोन्ही टोकांचे कनेक्टर अजून शाबूत आहेत. वारा सुटला की त्यातला एक काचेवर टकटक वाजतो.

झालं ते थोडक्यात असं. रिटर्न भरायच्या दिवसांत ऑफिसातले सगळे एकदम स्टोरेजवरच्या (सगळ्यांच्या फायली ठेवायचा एक डबा) फायली उघडतात आणि सगळंच रांगायला लागतं. दादानं सोळा पोर्टांचा मॅनेज्ड स्विच घेतला, म्हणजे सगळ्यांच्या वायरी जिथे येऊन मिळतात तो डबा, सेटिंग बदलता येणारा. स्टोरेजच्या डब्याला मागे दोन पोर्ट होतेच. दोन वायरी लावायच्या, दोन्हीकडे लिंक ॲग्रिगेशन, म्हणजे दोन वायरींचा एक गट, चालू करायचं, तो गट आपसात बोलून जुळवणारं एलएसीपी ॲक्टिव्ह ठेवायचं की संपलं. (दोन्ही टोकं पॅसिव्ह ठेवली तर दोघंही समोरच्यानं आधी बोलावं म्हणून गप्प बसतात आणि गट काही बनत नाही.) घरचा मुलगा म्हणून काम माझ्याकडे आलं. घरचा मुलगा ही पदवी बिल मागता येऊ नये म्हणूनच देतात.

पण ऑफिसात काका होते. काका म्हणजे मावशीचे यजमान, वीज मंडळातून निवृत्त, आणि निवृत्तीनंतर समोर दिसेल त्या वायरीचे तहहयात निरीक्षक. एसीचा मिस्त्री शिडीवर होता. काकांनी त्याला सोडलं आणि माझ्याकडे मोर्चा वळवला.

"दोन वायरी कशाला रे?"

"काका, दोन्ही मिळून जास्त माल वाहतील."

"नवीन काढलंय का हे?"

"नाही हो, 2000 सालचं स्टँडर्ड आहे."

"2000 साली छत्तीसगड वेगळं काढलं. तेव्हाही हेच सांगत होते, दोन भाग झाले की काम जोरात होईल."

मी हसलो. काका हसले नाहीत. त्यांनी स्वतःच्या लॅपटॉपवरून नातवाच्या मुंजीचा व्हिडिओ स्टोरेजवर टाकला, चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचला आणि मिस्त्रीलाही ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "एकशे दहा. काल एका वायरीवर पण एकशे दहाच होतं."

बरोबरच आहे! एका वायरीचा वेग एक गिगाबिट, म्हणजे सेकंदाला 125 मेगाबाइट. वरखर्च वजा जाता हातात एकशे दहा-पंधरा पडतात. काकांच्या लॅपटॉपला मुळात वायर एकच. आणि ती दुप्पट जाड असती तरी एका माणसाचं एक बोलणं एकाच वायरीतून जातं. पाठवणारा कोण, घेणारा कोण, ते पत्ते बघून स्विच वायर ठरवतो आणि ती बदलत नाही, नाहीतर माहितीची पाकिटं मागेपुढे पोचतील. फायदा दहा जण एकदम तुटून पडतात तेव्हा. हे सगळं मी बोललो. काकांचा चेहरा कोरा. मग माझ्या तोंडून ते निघालं.

"असं समजा काका, छप्पन दुकानला पोह्यांचे दोन काउंटर आहेत. तुम्ही एकटे गेलात तर एकाच काउंटरवर उभे राहणार ना? दुसरा असून तुमची प्लेट काही लवकर येत नाही."

"का? अर्धी प्लेट इथून घेईन, अर्धी तिथून."

"मग मिसळताना घोळ होईल. इकडचे पोहे यायच्या आत तिकडची शेव येईल."

"शेव वेगळी घ्यावीच. मऊ पडते."

"बरं, जिलबी आधी आली आणि पोहे मागून, तर?"

शिडीवरून आवाज आला, "तो क्या हुआ भिया? अपन तो जलेबी पेलेई खाते हें."

"पोह्यांबरोबर!" काका वर बघून कडाडले. "घास पोह्याचा, मग तुकडा जिलबीचा. आधी जिलबी खाणारा इंदूरचाच नव्हे."

"अंकल, में तो देवास का हूँ."

"तरीच!"

पुढे बराच वेळ जिरावण (पोह्यांवरचा इंदुरी मसाला) आधी भुरभुरावं की लिंबू आधी पिळावं यावर दोघांची जुंपली. मी स्क्रूड्रायव्हर हातात धरून उभा. वाद मिटला तेव्हा काका माझ्याकडे वळले आणि विषय अजिबात न विसरता म्हणाले, "म्हणजे दुसरा काउंटर फालतू."

इथे थांबायला हवं होतं, पण काकांना स्विचच्या सेटिंगच्या पडद्यावर हिरव्या पानाचं चित्र दिसलं. वीजबचत! चेहरा उजळला. "हे चालू कर." एनर्जी एफिशियंट इथरनेट, 2010 सालचं स्टँडर्ड: पोर्टवर काम नसलं की तो डुलकी काढतो, काम आलं की सेकंदाच्या काही लाखांश भागात जागा होतो. चांगली सोय आहे, पण दोन्ही टोकांना जमली तरच चालते, आणि काही जुन्या उपकरणांशी तिचं पटत नाही, लिंक पडते-उठते. म्हणून स्टोरेजचे पोर्ट सोडून बाकीच्यांवर चालू केली. "अजून काय बंद होतं?" रिकामे पोर्ट बंद केले. "अजून?" पोर्टांचे लुकलुकणारे दिवे विझवायची सोय होती. काकांच्या आग्रहाखातर तेही विझवले.

मी हिशेब सांगितला: सगळं मिळून पाच वॅट वाचले असं उदार मनानं धरलं तरी महिन्याला साडेतीन युनिट आणि वर थोडे. दीड टनाचा एसी तेवढी वीज अडीच तासांत पितो. नवे एसी सुरू होताच 24 अंशांवर यावेत हा नियम 2020 पासून आहे. काका रिमोट उचलून पहिल्या मिनिटाला 18 वर नेतात. हे मी बोललो नाही. बोलायला हवं होतं.

मिस्त्री परत आला तो सोमवारी. एसीखालीच स्विच. दिवे बंद पाहून त्यानं निदान केलं, "अंकल, ये तो मर गिया. करंट ई नी आ रिया." काका, ज्यांनी स्वतः दिवे विझवून घेतले होते ते काका, घाबरले. मिस्त्रीनं दोन्ही निळ्या वायरी उपटल्या, फुंकर मारली आणि एक परत लावली. आतून कुणीतरी ओरडलं, फायली उघडतायत. दुसरी वायर उरली. नळी लोंबकळत होतीच.

मला फोन आला तो काकांचा. "बघ, एका वायरीनं चालतंय की!"

अहो, एक वायर निघाली तरी चालावं म्हणूनच तर दोन लावतात! गट मीच बांधला होता, म्हणून उरलेल्या वायरीवर काम सुरू झालं. माझी करामत नेमकी माझ्याच विरुद्ध पुरावा म्हणून पेश झाली. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "जाऊ दे रे, बाबांना वाईट वाटेल." मला काय वाटेल हा मुद्दा आमच्या घरात कधी निघत नाही.

जुलै तोंडावर आहे. सगळं पुन्हा रांगणार, तेव्हा फोन मलाच येणार. दरम्यान काकांनी माझं काम वाढवून ठेवलं आहे: सुदामानगरातल्या त्यांच्या व्याह्यांच्या दुकानात रविवारी जायचं आहे. निरोप असा, "दिवे तेवढे बंद करून दे. वायरी बियरी आणू नकोस."