एकच स्वयंपाक असू द्या, पण वाढणं वेगळं हवं (काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

काका, (तुम्ही बाहत्तरीचे असं लिहिलंय म्हणून काका म्हणतेय) वयाप्रमाणे आहार कसा असावा या माझ्या लेखावर एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की वयाप्रमाणे वेगळा आहार हे पावडरी खपवायला काढलेलं फॅड आहे, तुमच्या आजी सगळ्या घराला एकच भाकरी-भाजी-आमटी वाढायच्या आणि स्वतः नव्वदी पार करून गेल्या, आणि तुम्हीही रात्री नुसता दूध-भात खाऊन ठणठणीत आहात.

पावडरींबद्दलचा तुमचा राग अगदी पटतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयालाच सांगावं लागलं की मुलांची ती गोड पेयं ऑनलाइन साइट्सनी 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकू नयेत. माझ्या लेखात तर एकही डबा नव्हता.

आजींचं मात्र असं आहे, की नव्वदी गाठलेल्या आपल्याला दिसतात, पाळण्यातच गेलेली मुलं दिसत नाहीत. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं वर्षाच्या आत जायची. सगळा दोष खाण्याचा नाही, साथी होत्या, लसी सगळीकडे पोचल्या नव्हत्या, पण अंगात ताकद नसलेलं मूल साध्या जुलाबानेही जातं.

आणि आपल्याकडे असं वेगळं खाणं नव्हतं असं कसं म्हणता? बाळंतिणीला डिंकाचे, अळिवाचे लाडू, बाळाला नाचणीचं सत्त्व, हे आजींनीच केलेलं ना? अडचण अशी की हे लाड बाळंतपणानंतर सुरू व्हायचे आणि त्याआधीचे नऊ महिने तीच बाई सगळ्यांची पानं झाल्यावर उरलंसुरलं खायची. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांच्या टीमने गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केलाय. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची साधारण साडेतीन किलोची, पण आपल्या बाळांच्या अंगात कमी होते ते स्नायू, चरबी त्या मानाने टिकून होती, आणि अशा ठेवणीमुळे पुढे डायबिटीसचा धोका वाढतो असं ते मांडतात. त्याच अभ्यासात ज्या बायका पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं मोठी होती. मेथी, शेपू, चुका आणि पेरू, हे काय परदेशी आहे का!

सहा महिन्यांच्या बाळाचं थोडक्यात सांगते. तोपर्यंत आईचं दूध पुरतं, मग जन्मतः आणलेला लोहाचा साठा संपत येतो आणि वरचं सुरू करावंच लागतं. वरणाचं नुसतं पाणी देऊ नका, खालची डाळ घोटून द्या, साखर-मीठ नको, आणि वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही म्हणजे नाही, त्यातून बोट्युलिझम (जिवाणूंच्या विषाने होणारा गंभीर आजार) होऊ शकतो.

वयात येणाऱ्या मुलींबद्दल मला जास्त कळकळ आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०२० चे आकडे बघा, मोठ्या पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि १६ ते १८ च्या मुलीला ३२. म्हणजे बापापेक्षा दीडपटीहून जास्त, आणि आपण तिला वाढतो काय तर अर्धी पोळी कमी, वर जेवल्या जेवल्या चहा, जो आहे ते लोहही अंगी लागू देत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींना अ‍ॅनिमिया होता. उसळ जास्त वाढा, त्यावर लिंबू पिळा, चहा तासाभराने द्या. स्वयंपाक तोच आहे की नाही?

आता तुमचा दूध-भात. वय वाढलं की कॅलरी कमी लागतात हे बरोबर, म्हणून भूक कमी होते. पण प्रोटीनची गरज कमी होत नाही, उलट थोडी वाढते, कारण म्हातारपणी तेवढ्याच प्रोटीनमधून स्नायू कमी बनतात. तरुणपणी वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८ ग्रॅम पुरतं, ६५ नंतर १ ते १.२ ग्रॅम असावं असं आता बरेच तज्ज्ञ सांगतात. तुमचं वजन ६० धरलं तर ६० ते ७२ ग्रॅम झाले. आता मोजा, सकाळी चहा-खारी ३, दुपारी एक पोळी, पातळ आमटी, भाजी, थोडा भात मिळून १०-११, रात्री दूध-भात ८-९. पंचवीसच्याही आत! बाकीचं शरीर कुठून आणणार, मांड्यांचे स्नायूच वापरणार, आणि मग जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो आणि आपण म्हणतो वय झालं.

दूध-भात सोडू नका. सोबत घट्ट वरण घ्या, दुपारी मऊ शिजवलेल्या मुगाची उसळ आणि वाटीभर दही, सकाळी खारीऐवजी खात असाल तर दोन अंडी, नसाल तर पनीर, कवळी असली तरी ते चावता येतं. दाण्याचा कूट भाजीत सढळ हाताने घाला. किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, तिथे हिशोब वेगळा. आणि डायबिटीससाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर एकदा व्हिटॅमिन बी-१२ तपासून घ्या, त्या गोळीने ते कमी होतं आणि पायाला मुंग्या आल्या की लोक उगाच मणक्याला दोष देत बसतात.