केसांबद्दल एकच ओळ का?

हॅवानीज या जातीच्या कुत्र्याचं पिल्लू वाढवण्यावरच्या लेखात त्याला शी-शूची सवय लावण्यावर भर दिलाय, ते योग्यच. ही जात त्यात वेळ घेते. पण केसांवर फक्त एक ओळ, हे खटकलं. साधारण 8 ते 14 महिन्यांच्या दरम्यान पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठेपणीचे येऊ लागतात, तेव्हा कानांमागे आणि काखेत हमखास गुंता होतो. वरवर ब्रश फिरवून भागत नाही. केस बाजूला सारून अगदी कातडीपासून स्टीलचा कंगवा घालावा लागतो. सवय नसेल तर पिल्लू अंग चोरतं. म्हणून आतापासूनच रोज मांडीवर घेऊन दोन मिनिटं विंचरा, लगेच खाऊ द्या. आणि हो, एकटं राहायलाही शिकवा. क्यूबातली ही जात सोबतीसाठीच वाढवलेली, सतत पायात घोटाळते. आधी मिनिटभरच शेजारच्या खोलीत जा.