सांगलीत समुद्र पाळावा कसा

समुद्र पाळायला समुद्रकिनारा लागतो, हा गैरसमज आधी डोक्यातून काढून टाका. किनाऱ्यावरची माणसं कधी समुद्र पाळत नाहीत; त्यांना तो फुकट मिळतो. पाळायचा आपण. आंबा घाटाच्या अलीकडच्यांनी, ज्यांना रत्नागिरी पावणेदोनशे किलोमीटर लांब पडते आणि पाणी म्हटलं की लाटा नाही, आयर्विन पुलाची पातळी आठवते. विश्रामबागेतल्या हॉलमध्ये तीन फुटी टाकी मांडा, टाकीसाठी मिळणारं समुद्री मीठ कालवा, निळे दिवे लावा. दोन क्लाउनफिश, एक क्लीनर श्रिंप, चार गोगलगाई आणि मशरूम, झोआ, लेदर असे मऊ कोरल सोडा. झालं अर्धं काम. उरलेलं अर्धं काम बाटल्यांचं, आणि खरा शौकीन ओळखला जातो तो त्यावरूनच. मासे काय, कोणीही आणतो.

पहिली बाटली कॅल्शियमची आणा. का, ते विचारू नका. सगळे आणतात. एखादा चिकित्सक सांगेल की कॅल्शियम भराभर लागतं ते दगडासारखा सांगाडा बांधणाऱ्या कोरलांना, आणि ते कोरल आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत बसलेले आहेत. तुमच्या टाकीतल्या मशरूमला सांगाडाच नाही, लेदरच्या अंगात बारीक काटे तेवढे असतात, बाकी थोडंफार कॅल्शियम गोगलगाईच्या शंखाला आणि दगडावरच्या गुलाबी शेवाळाला लागतं, आणि तेवढं मिठात असतं. त्याचं म्हणणं बरोबर आहे. पण त्याच्या घरी गेलात तर दिसेल, टाकीखालच्या कपाटात फक्त एक बादली आणि मिठाचा डबा. असल्या कपाटाचं दार पाहुण्यांसमोर उघडता येतं का?

मात्रा ठरवताना टाकीचं माप बाहेरून घ्या. तीन बाय दीड बाय दीड फूट, म्हणजे १९० लिटर. आत चाळीस किलो दगड आहे, चार बोटं वाळू आहे, वरचं बोटभर रिकामं आहे, आणि खरं पाणी दीडशेच्या आसपासच भरेल, असल्या वजाबाकीत पडू नका. बाटलीवर शंभर लिटरला एक झाकण लिहिलंय ना? मग दोन झाकणं. आणि सकाळी घाईत टाकलं की नाही ते आठवत नसेल, तर संध्याकाळी परत दोन.

टेस्ट किट घेऊच नका. घेतलंत तर वापरू नका. टेस्ट किट ही माणसाचा उत्साह मारणारी वस्तू आहे. समुद्रात लिटरमागे कॅल्शियम ४२० मिलिग्रॅमच्या आसपास, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास आणि केएच, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, ७. तुम्ही नळीत थेंब मोजत बसलात आणि आकडे तिथेच निघाले, तर मग बाटलीचं काय करायचं? शिवाय त्यात एक गोम आहे. सांगाडा बांधताना कॅल्शियम आणि केएच ठरलेल्या प्रमाणात खर्ची पडतात: केएच १ ने उतरला तर कॅल्शियम उतरतं जेमतेम ७ मिलिग्रॅमने. घरगुती किटला कॅल्शियममधला एवढा फरक कळतही नाही. म्हणजे मोजायचंच असेल तर केएच मोजावा आणि त्यावरून बाकीचं ओळखावं. पण एवढा विचार करणारा माणूस शेवटी काहीच टाकत नाही, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

या बाबतीत सर्वांत धोकादायक नातेवाईक म्हणजे तासगावचे दाजी. त्यांची द्राक्षाची बाग असते. तुम्हाला वाटेल, वा, हा आपला माणूस. कृषी सेवा केंद्रातून जीए आणतो, ह्युमिक आणतो, अमिनो आणतो, समुद्री शेवाळाचं टॉनिकसुद्धा आणतो. त्याला बाटल्यांचं महत्त्व कळणारच. तुम्ही कौतुकाने कपाट उघडून दाखवाल. दाजी एकेक बाटली उजेडात धरून, चष्मा कपाळावर चढवून वाचतील आणि म्हणतील, "पाव्हणं, पाण्याची टेस्ट कुठाय?" तुम्ही म्हणाल, पाणी एकदम स्वच्छ दिसतंय की. त्यावर ते म्हणतील, "आमची बाग बी हिरवीगारच दिसती. पर देठ तपासून आल्याबिगर म्या एक किलो पोटॅश सोडत नाय." असल्या माणसाला चहा द्या, भडंग द्या आणि लवकर वाटेला लावा. ज्याला एकरी हिशेब कळतो तो तुमच्या छंदाला मारक आहे.

खरं तर जास्तीचं टाकण्याचा वारसा आपल्या जिल्ह्याला आहेच. कृष्णाकाठी उसाला पाणी आणि खत देत देत आपण कितीतरी काळी रानं क्षारपड करून दाखवली. जमिनीतून मीठ वर आणायला आपल्याला बाटलीसुद्धा लागली नाही. आता तीच परंपरा हॉलमध्ये चालवायची आहे, आणि इथे तर मिठाला आपण किलोवर पैसे मोजतो.

कॅल्शियमबरोबर जोडीची दुसरी बाटली येते, केएच वाढवणारी. या दोन्ही एकाच वेळी, एकाच जागी, शक्यतो पाणी फिरवणारा वेव्हमेकर बंद करून ओता. लगेच पांढरा ढग उठेल. घाबरू नका, हा खडू आहे. तुमचं कॅल्शियम आणि तुमचा कार्बोनेट एकमेकांना भेटून कॅल्शियम कार्बोनेट झाले आणि वाळूवर जाऊन बसले. थोडा हीटरवर बसेल, थोडा पंपाच्या पात्यावर, आणि पंप घरघरायला लागेल. दुसऱ्या दिवशी दोन्ही आकडे खाली आलेले असतील. याचा सरळ अर्थ, तुमची टाकी फार खाते. मात्रा वाढवा. मग कोणीतरी सांगेल की मॅग्नेशियम कमी असलं की खडू लवकर बसतो. ते खरं आहे. त्याचीही बाटली मिळते.

केएचच्या बाटलीत असतो मुख्यतः सोडा: कुठे खायचा, कुठे धुण्याचा. सहा ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर खायच्या सोड्याने १९० लिटर पाण्याचा केएच साधारण १ ने वाढतो. ही माहिती घरात कोणालाही सांगू नका. विशेषतः भजी तळणाऱ्या व्यक्तीला. ती डब्याची किंमत सांगेल, मग तुमच्या बाटलीची विचारेल, आणि पुढची संध्याकाळ तुम्हाला टाकीकडे बघत काढावी लागेल. तीच गत परदेशी डब्यातल्या त्या पांढऱ्या पुडीची. पाण्यात कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी रात्री थेंबथेंब सोडायचं. आजी लांबूनच ओळखते आणि म्हणते, "अगंबाई, चुन्याची निवळी की ही!" तिचं खरं आहे, कॅल्शियम हायड्रॉक्साइडच ते, आणि थेंबानेच जावं लागतं, कारण त्याचा पीएच १२ च्या वर असतो. तुम्ही मात्र पेला भरून ओता. थेंबाथेंबाने काम करणारा माणूस टाकीचा मालक कसला, तो सलाईन लावणारा कंपाउंडर.

आता सूक्ष्म द्रव्यं. हा सगळ्यांत सुखाचा भाग, कारण यात चूकही दिसत नाही आणि उपयोगही. स्ट्रॉन्शियम आणा. समुद्रात ते लिटरमागे ८ मिलिग्रॅम असतं, तुमच्या मिठातही असतं आणि तुमच्या मशरूमने ते कधी मागितल्याचं ऐकिवात नाही. पण उच्चारून बघा, स्ट्रॉन्शियम. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा शब्द एकदा निघाला की पार्किंगचा विषय आपोआप मागे पडतो. आयोडीनही घ्याच. समुद्रात ते लिटरमागे सुमारे ०.०६ मिलिग्रॅम, इतकं कमी की तुमचा हात जरा हलला तरी तुम्ही समुद्राच्या पुढे जाल. श्रिंपने कात टाकली की ती आयोडीनमुळे, नाही टाकली तर आयोडीन कमी पडलं, आणि मेला तर बाटली जुनी होती. इतकं भरवशाचं औषध माणसाच्या वैद्यकातही सापडणार नाही.

मध्येच आजी तांब्याच्या हंड्यातलं पाणी आरोग्याला चांगलं म्हणून टाकीत घालायला येईल. तिला मात्र थांबवा. तांबं श्रिंप आणि गोगलगाईंना मारतं. हा सल्ला उपरोधिक नाही.

बॅक्टेरियाची बाटली, अमिनोची बाटली, प्लँक्टनची बाटली, या तिन्ही एका दिवशी सुरू करा. म्हणजे शुक्रवारी लेदर मिटलं तर कोणामुळे मिटलं याचा शोध लागणार नाही आणि कोणत्याच कंपनीवर अन्याय होणार नाही. वहीत काही लिहून ठेवू नका. लेदर अधूनमधून मिटतंच, वरची पातळ साल टाकतं आणि दोन-चार दिवसांनी परत फुलतं. त्या दोन-चार दिवसांत तुम्ही जी बाटली ओताल, तिचा गुण आला असं पुढे आयुष्यभर सांगायचं.

आता नायट्रेट. अमिनो, प्लँक्टन आणि दिवसातून चारदा खाणं घातल्यावर ते वाढणारच, फॉस्फेटही वाढेल, काचेवर हिरवा थर येईल. इथे कोणीतरी तुम्हाला व्होडकाचं सांगेल. हसू नका, ते खरंच करतात. दारूतला कार्बन खाऊन पाण्यातले जीवाणू वाढतात, वाढताना नायट्रेट आणि फॉस्फेट आपल्या अंगात घेतात, आणि स्किमर, म्हणजे पाण्याला फेस आणणारं यंत्र, त्या फेसाबरोबर त्यांना बाहेर काढतो. मात्रा सुरुवातीला शंभर लिटरला रोज ०.१ मिलिलिटर, म्हणजे दोन थेंब. दुकानात गेल्यावर हे कारण देऊ नका, तिथे रोज याहून चांगली कारणं ऐकू येतात. परवान्याचीही काळजी नको. आपल्या राज्यात दारूचा परवाना आरोग्य राखण्यासाठीच मिळतो, इथे आरोग्य पाण्याचं, एवढाच फरक. खरी अडचण वडिलांची. रात्री अकराला मुलगा अंधारात माशांना दोन थेंब व्होडका पाजतोय आणि उरलेली सातशे पन्नास मिलिलिटरची बाटली कपाटात ठेवतोय, हे दृश्य कोणत्याही रसायनशास्त्राने समजावता येत नाही. शिवाय दोन थेंबांनी दोन दिवसांत फरक पडत नाही. म्हणून तुम्ही एक बूच टाका. जीवाणूंची लोकसंख्या एका रात्रीत फुटते, पाणी ताकासारखं होतं, पाण्यातला प्राणवायू ते सगळा ओढून घेतात, आणि सकाळी दोन्ही क्लाउनफिश पृष्ठभागाला तोंड लावून उभे दिसतात. वडील म्हणतात, चढलीय त्यांना.

त्यापेक्षा फॉस्फेट शोषणारी तांबडी लोहाची पूड बरी. ती भरपूर भरा. फॉस्फेट शून्यावर आणा, नायट्रेट शून्यावर आणा. शून्य हा आकडा किती स्वच्छ दिसतो! मग वाळूवर तपकिरी, बुडबुडे धरलेली, बोट लावलं की तार सुटणारी एक घाण येईल. डायनोफ्लॅजेलेट्स म्हणतात. पाण्यात खायला काहीच उरलं नाही की बाकीचे गरीब जीव हटतात आणि ही मंडळी मोकळ्या मैदानात उतरतात. यावर उपाय म्हणून नायट्रेट आणि फॉस्फेट वाढवायच्या बाटल्या मिळतात. वाढलं की कमी करायच्या आहेतच. उतरवायची आणि चढवायची बाटली एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवणाऱ्या व्यवसायाबद्दल मला मनापासून आदर आहे.

उन्हाळ्याचं थोडक्यात. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला की टाकीतलं पाणी झपाट्याने उडतं. उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, आरओच्या. तुम्ही बोअरचं घाला. त्यात चुना, नायट्रेट सगळं तयारच मिळतं, वरून बाटलीचं घालायलाही मोकळे.

शेवटी एका जमातीपासून सावध करतो. ही माणसं दर रविवारी दहा टक्के पाणी बदलतात. तुमच्या मापाच्या टाकीला पंधरा लिटर पाणी आणि अर्ध्या किलोहून थोडंसं जास्त मीठ. त्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडा, स्ट्रॉन्शियम, आयोडीन सगळं समुद्राच्या मापाने आधीच घातलेलं असतं, आणि जुन्या पाण्याबरोबर नायट्रेटही थोडं बाहेर जातं. मऊ कोरलांच्या टाकीचं भागतं त्यावर. या लोकांकडे बोलण्यासारखं काही नसतं. कशी आहे टाकी विचारलं तर म्हणतात, "आहे बरी." झोआ फुटून फुटून काचेवर चढलेला असतो, आणि त्यांना त्याची लाजही वाटत नाही. अशांकडून फुकट मिळणारा झोआचा तुकडा जरूर घ्या, सल्ला घेऊ नका.

एवढं करूनही टाकी टिकली, तर तुमचा हात हलका पडतोय. नाही टिकली, तर विकायला काढा. जाहिरातीत "जागेअभावी" लिहायचं, "हौस संपली" कधीही नाही. कुपवाडचा किंवा मिरजेचा एखादा तरुण येईल, नुकतंच लग्न झालेला, डोळ्यांत निळा उजेड असलेला. तो काच वाजवून बघेल, स्किमर उघडून बघेल आणि मग हळूच विचारेल, "दादा, यात काय काय टाकावं लागतं?" त्याला आधी टाकीचे पैसे द्यायला लावा. मग कपाट उघडा आणि बाटल्यांचे वेगळे लावा.