पावती फाडा, बॉनेट उघडा

जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाचा अर्ज मी नेहमी शेवटाकडून वाचायला घेते, कारण पैशांची ओळ तिथेच कुठेतरी दडवलेली असते. यंदा ती अशी होती : 'सहभाग शुल्क भरल्याखेरीज वाहनास प्रवेश दिला जाणार नाही.' वाहनास! म्हणजे मी एकटी हात हलवत गेले असते तर या ओळीची काही हरकत नव्हती. गाडी आणली तर पैसे.

"बघायला येणाऱ्यांना फुकट असेल," नवरा म्हणाला. त्याचा जगाच्या चांगुलपणावर अजून विश्वास आहे.

त्याला मी त्याच्याच वरची ओळ दाखवली. बघणाऱ्यांनाही तिकीट होतं.

"म्हणजे बघणारा पैसे देणार, आणि दाखवणाराही देणार?"

"हो."

"मग आपण भलत्याच धंद्यात पडलोय. गाडी विकून टाकू आणि प्रदर्शन भरवू."

त्याचं कुठलंही बोलणं दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला गाडी विकण्यापाशी येऊन थांबतं, त्यामुळे तिकडे मी काणाडोळा केला. पण हिशोब त्याचा चोख होता. वाघाने रांगेत उभं राहून तिकीट काढायचं, आपणहून पिंजऱ्यात शिरायचं, दिवसभर येईल त्याला डरकाळी ऐकवायची आणि संध्याकाळी प्राणिसंग्रहालयाकडून 'सहभागाबद्दल' प्रमाणपत्र घेऊन घरी यायचं, असला हा मामला आहे. शिवाय येताना अंगावरचे पट्टे स्वखर्चाने पॉलिश करून आणायचे.

पॉलिशचं काम काय असतं ते ज्याने केलं नाही त्याला सांगून कळत नाही, तरी सांगते. माझी गाडी वयाने माझ्याहून मोठी आहे. फिवा नावाची जुन्या वाहनांची एक जागतिक संघटना आहे, १९६६ पासूनची. तिच्या व्याख्येप्रमाणे ऐतिहासिक वाहन किमान ३० वर्षांचं हवं, त्याच्या मूळ घडणीला धरून जपलेलं हवं, आणि रोजच्या येण्याजाण्यासाठी वापरात नसावं. यातली शेवटची अट आमची गाडी मनापासून पाळते. महिनोन्महिने पाळते. मग प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात तिला उठवायला जावं तर कार्बोरेटरच्या, म्हणजे इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणाऱ्या भागाच्या, वाटीतलं पेट्रोल केव्हाच उडून गेलेलं असतं. ते पुन्हा टाकीतून वर चढून वाटी भरेपर्यंत इंजिन नुसतं खोकतं, आणि वाटी भरते त्याच क्षणाला बॅटरी मान टाकते. हा मुहूर्त दोघी कशा साधतात, मला आजवर कळलेलं नाही. १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेवर चालणारा स्टार्टर बसवून दिला आणि हँडल मारण्याच्या, म्हणजे समोरून दांडा घालून हाताने इंजिन फिरवण्याच्या, कटकटीतून माणसाची सुटका झाली, असं मोटारीच्या इतिहासात लिहितात. तो इतिहास आमच्या गॅरेजपर्यंत पोचायचा आहे. "हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा हं, अहो, उलटा फटका बसला तर अंगठा जाईल," असं मी दर वेळी सांगते, आणि दर वेळी तो विचारतो की मग हे तू का मारत नाहीस. मी मारते की. पण चोक, म्हणजे थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून ओढायची खुंटी, कुणी ओढून धरायचा? त्याला चोक आणि लाइटचं बटण यांतला फरक कळत नाही.

इंजिन लागलं की क्रोम. क्रोम झालं की चाकांच्या तारा. चाकांच्या तारांना दात घासायच्या ब्रशसारखं हत्यार नाही, आणि घरातले सगळे ब्रश कुठे जातात हा प्रश्न आमच्याकडे आता कोणी विचारत नाही. त्यानंतर अर्जातल्या अटी : अग्निशामक नळकांडं स्वतःचं आणावं, इंजिनाखाली तेल ठिबकू नये म्हणून ट्रे ठेवावा (तोही स्वतःचा), विम्याची प्रत जोडावी, गाडीची माहिती देणारा फलक स्वतः करून आणावा. म्हणजे गाडी आमची, मेहनत आमची, पेट्रोल आमचं, फलक आमचा, ट्रे आमचा. त्यांचं काय? गवत.

मी आयोजकांना फोन लावला.

"मॅडम, गवताचं भाडं किती आहे तुम्हाला कल्पना आहे का?" ते म्हणाले. मग त्यांनी यादीच वाचली. मैदान, मांडव, विमा, फिरती शौचालयं, रुग्णवाहिका, सुरक्षारक्षक, ध्वनिक्षेपक. ध्वनिक्षेपकाचे पैसे मी द्यायला नको होते, त्यावर दिवसभर फक्त 'निळ्या गाडीच्या मालकांनी कृपया आपली गाडी हलवावी' एवढंच ऐकू येतं. पण बाकीची यादी खोटी नव्हती.

"पण तिकिटाचे पैसे येतातच ना?"

"पाऊस पडला तर?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यांनी हुकमाचा एक्का काढला. "फुकट ठेवलं ना मॅडम, की सगळे नावं देतात आणि येत कोणी नाही. आम्ही इथे जागा आखून बसायचं, आणि सकाळी ह्यांचा क्लच गेला, त्यांचा रेडिएटर फुटला, कुणाचा उत्साहच मावळला. पैसे भरलेले असले की माणूस गाडी ढकलत का होईना, पण आणतो."

खरं बोलले. हा मुद्दा मला तंतोतंत पटला, कारण आमच्या जमातीला मी ओळखते. म्हणून मी तोडगा सुचवला : शुल्क अनामत म्हणून घ्या, आणि गाडी फाटकातून आत आली की परत करा. न येणाऱ्याचे बुडतील, येणाऱ्याचे मिळतील.

"परत?" पलीकडून आवाज आला. "पैसे?" आणि लाइन गेली. रेंजचाच प्रश्न असणार.

खरं तर पैसे भरून गाडी मांडण्याची ही रीत आली कुठून, यावर मी डोकं चालवलं आहे. आज ज्याला मोठ्या दिमाखात 'काँकूर' म्हणतात, ते सौंदर्याचे सोहळे १९२०-३०च्या दशकांत युरोपात रंगले तेव्हा तिथे जुन्या गाड्या नव्हत्याच. १९२९ मध्ये इटलीत कोमो सरोवराकाठी व्हिला देस्ते इथे पहिला सोहळा झाला, तो नव्याकोऱ्या गाड्यांचा. गाडीचा सांगाडा एकाकडून घ्यायचा आणि त्यावरची बॉडी दुसऱ्या कारागिराकडून शिवून घ्यायची, असा तो जमाना. ते बॉडीवाले आपली कलाकुसर घेऊन यायचे, शेजारी झुळझुळीत पोशाखातली बाई उभी करायचे आणि गिऱ्हाईक गटवायचे. आजही नव्या मोटारींच्या मेळ्यात कंपनी जागेचे पैसे मोजते, ते रास्तच आहे. तिला तिथे माल विकायचा असतो. आम्हाला काय विकायचंय? (नवऱ्याने हे वाचलं तर तो उत्तर देईल.) कंपनीला गिऱ्हाईक मिळतं, आम्हाला मतं मिळतात. झुळझुळीत पोशाखातल्या बाईच्या जागी हातात फडकं घेतलेली मी.

मतांची गंमत अशी की ती मला मिळतच नाहीत, नवऱ्याला मिळतात. गाडी माझी. कागद माझ्या नावावर. वडिलांनी ठेवली, मी गिअरबॉक्ससकट उतरवून पुन्हा बांधली. पण येणारा प्रत्येक जण मला ओलांडून माझ्या नवऱ्यापाशी जातो आणि विचारतो, "किती देते?" नवरा अर्जातल्या 'प्रदर्शकासोबत एका व्यक्तीस मोफत प्रवेश' या कलमाखाली आलेला. पण तो गडी डगमगत नाही. "रस्त्यावर अवलंबून असतं," तो गंभीरपणे म्हणतो. पुढचा विचारतो, "इंजिन ओरिजिनल?" नवरा म्हणतो, "तसं म्हणायला हरकत नाही." कार्बोरेटर एक की दोन, असं कोणी खोलात शिरलंच तर तो दूरवर बघत म्हणतो, "तेव्हाचं काम वेगळं होतं हो." आणि समोरचा मान डोलावतो! मी पलीकडून सांगते, दोन आहेत, आणि त्यांचं जुळवणं ही एक स्वतंत्र साधना आहे. त्यावर तो गृहस्थ नवऱ्याला म्हणतो, "वहिनींनाही बरंच माहीत आहे."

दुसरा नेहमीचा गडी म्हणजे 'आमच्याकडेही अशीच होती'वाला. अशीच म्हणजे रंग दुसरा, कंपनी दुसरी, आणि नीट चौकशी केली तर ती जीप निघते. त्याचं ऐकून घ्यावं लागतं, कारण त्याचे डोळे खरोखर भरून आलेले असतात. मग बोल्टवाला. हा बोलत नाही. वाकतो, चष्मा कपाळावर चढवतो, इंजिनात कुठेतरी खोल बघतो आणि जाता जाता म्हणतो, "तो तिसरा बोल्ट त्या काळचा नाही." झालं. त्यानंतर दिवसभर मला त्या बोल्टाखेरीज काही दिसत नाही. पट्ट्याचं बकल दाराला घासत आत वाकणारे, हॉर्न वाजवून पळणारी पोरं, टपावर कोपर टेकवून फोटो काढणारे... यांच्याबद्दल लिहीत नाही, माझा रक्तदाब मला सांभाळायचा आहे.

"चालते का हो?" या प्रश्नाला मात्र मी हसत नाही. अमेरिकेत पेबल बीचला १९५० पासून जो प्रख्यात सोहळा भरतो, तिथे गोल्फच्या हिरवळीवर निवड समितीने पारखून घेतलेल्या गाड्या उभ्या असतात. परीक्षक शिवण न् शिवण तपासतात. पण एखाद्या वर्गात दोन गाड्यांची बरोबरी झाली, तर आदल्या दिवसांत भरणारी रस्त्यावरची फेरी जिने पुरी केली असेल तिला झुकतं माप मिळतं. म्हणजे एवढा सगळा थाटमाट झाल्यावर त्या जाणकारांनाही शेवटी हेच विचारायचं असतं : चालते का हो?

आणि चालवायला मिळत असेल तर मी पैसे देते, कुरकुर न करता देते. १४ नोव्हेंबर १८९६ या दिवशी लंडनहून ब्रायटनला मोटारी निघाल्या त्या, वेगाची मर्यादा ताशी ४ मैलांवरून १४ मैलांवर गेली या आनंदात. आता दर नोव्हेंबरात त्याच वाटेवर १९०५ च्या आधीची वाहनं धावतात, सुमारे ६० मैल. मालक पैसे भरतात, थंडीत कुडकुडतात, चढावर उतरून गाडी ढकलतात, आणि रस्त्याच्या कडेने उभे असलेले लोक फुकटात हात हलवतात. वरवर पाहता हा आमच्याहून मोठा अन्याय. पण त्या माणसाला त्याच्या पैशांत रस्ता मिळतो, शर्यत नाही म्हणून घाई नाही, आणि वेळेत पोचला तर पदक मिळतं. मला माझ्या पैशांत एक चौकोन मिळतो, चुन्याने आखलेला, आणि संध्याकाळी पाचपर्यंत त्यातून हलायला मनाई.

तशी मी तत्त्वाची बाई आहे. फाटकावर तिकीट नसेल, आम्हीच चार हौशी लोक कुठल्या मोकळ्या जागेत गाड्या घेऊन जमलो असू, तर जागेचा खर्च वाटून घ्यायचा हे उघड आहे. तिथे प्रत्येक जण दुसऱ्याचा बोल्ट काढायला आलेला असतो. तिथे प्रेक्षकही आम्हीच, मग पैसेही आम्हीच देणार. पण फाटकावर तिकीट लावलं असेल, तर लोक त्या गवतासाठी आलेले नसतात. मग निदान माझ्या गाडीला आत सोडा, पाणी विचारा आणि सावलीतला एखादा चौकोन द्या. पैसे द्या असं मी म्हणतही नाही. अजून.

तर यंदाही पैसे भरले, गेलो, चौकोनात उभे राहिलो. पाच वाजता शिट्टी झाली, निघायची परवानगी मिळाली, मी चोक ओढला, स्टार्टर दाबला आणि गाडी नेहमीप्रमाणे खोकून थांबली. उन्हात दिवसभर तापलेली, ती कशाला ऐकते. मी बॉनेट उघडलं. नवऱ्याने हँडल काढलं. सकाळपासून ज्या गाडीपुढे लोक मिनिटभरही थांबत नव्हते, तिच्याभोवती बघता बघता कडं झालं. कोणी म्हणे पॉइंट साफ करा, कोणी म्हणे ओली फडकी इंजिनाजवळच्या इंधनपंपावर ठेवा. बोल्टवाला परत आला, बाह्या सरसावून. जीपवाला रडायचा थांबून ढकलायला लागला. पोरं दोन्ही बाजूंनी ओरडत धावत होती. गाडी फाटकापाशी एकदम फटफट करून सुरू झाली तेव्हा लोकांनी शिट्ट्या वाजवल्या, अनोळखी माणसांनी नवऱ्याशी हस्तांदोलन केलं.

गर्दीतून वाट काढत आयोजक धावत आले. चेहरा फुललेला. "मॅडम, काय रंग भरलात! दिवसभरात एवढी गर्दी कुठेच नव्हती." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पुढच्या वर्षी हे जरा आधी जमेल का? म्हणजे, प्रमुख पाहुणे साधारण अकराला येतात."

"जमेल की," मी इंजिन बंद पडू नये म्हणून पाय ॲक्सिलरेटरवरच ठेवून म्हणाले. "पण त्याचं शुल्क पडेल. आणि ते आगाऊ भरावं लागेल, तुम्हाला."