फ्लॅट आपला, जमीन कुणाची?

डोंबिवलीला मावशीच्या सोसायटीत रिडेव्हलपमेंटवरून वाद पेटलाय. इमारत गळतेय, नवा बिल्डर तयार आहे, पण सातबाऱ्यावर अजून मूळ जमीनमालकाचंच नाव. तो वारला, वारस पांगले, जुना बिल्डर फोन उचलत नाही. आमच्याकडची तरुण मंडळी म्हणतात, चूक सोसायटीची. डीम्ड कन्व्हेयन्सची, म्हणजे बिल्डरशिवायही जमीन सोसायटीच्या नावे करून घेण्याची सोय २००८ पासून आहे, इतकी वर्षं काय केलं?

मला हे अजिबात पटत नाही. जमीन सोसायटीच्या नावे करून देणं हे १९६३ च्या मोफा या फ्लॅटविक्रीच्या कायद्याने बिल्डरचं काम ठरवलंय. करारात मुदत नसेल, तर सोसायटी नोंदवल्यापासून चार महिन्यांत. त्याने ते टाळलं, की निवृत्त माणसांनी प्रत्येक सभासदाचा करारनामा नि इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) जमवायचा, मंजूर नकाशे मिळवायचे, जिल्हा उपनिबंधकांपुढे सुनावण्या करायच्या, मग मुद्रांक, नोंदणी आणि शेवटी फेरफार. कसूर एकाची, हेलपाटे दुसऱ्याला.

इथे न्यू जर्सीत आम्ही काँडो (मालकीचा फ्लॅट) घेतला, तेव्हा डीडवर, म्हणजे खरेदीखतावर, सही फक्त विकणाऱ्याची होती. त्यात युनिटचा नंबर आणि त्याच परिच्छेदात जमिनीसकट सामाईक मालमत्तेतला आमचा अविभक्त हिस्सा, टक्केवारीत. ते डीड काउंटीत, म्हणजे जिल्ह्याच्या कार्यालयात, नोंदवलं गेलं. जमिनीसाठी पुन्हा कुणाच्या दारात जावं लागलं नाही.

अमेरिकेचं सगळंच उचला, असं मी म्हणत नाही. काउंटी कागद नोंदवते, मालकीची हमी देत नाही. म्हणून टायटल इन्शुरन्स काढायचा, तोही आपल्या खिशातून. शिवाय जमिनीचा हिस्सा फ्लॅटसोबतच देणारा अपार्टमेंट ओनरशिप कायदा महाराष्ट्रात १९७० पासून आहेच. पुण्यात त्याखालच्या इमारती कितीतरी आहेत.

नव्या प्रकल्पांना रेरा कायद्याने जमीन नावे करून देण्याची मुदत घातली आहे. माझा जीव तुटतो तो मावशीच्या इमारतीसारख्या जुन्या इमारतींसाठी. नकाशे महापालिकेकडे आहेत, करारनामे दुय्यम निबंधकांकडे, सोसायटीची नोंदणी उपनिबंधकांकडे. तिन्ही दप्तरं सरकारी. मुदत उलटलेल्या प्रत्येक सोसायटीची फाइल उपनिबंधकांनीच उघडावी, कागद त्यांनीच मागवावेत आणि जमीन का दिली नाही याचा जाब बिल्डरला विचारावा.