जेमियत पार्टी फक्त भांडणांनी संपली नाही

लेखात लिहिलंय की युगोस्लाव्हियातली मुस्लिमांची जेमियत पार्टी आपसातल्या भांडणांमुळे संपली, हे अर्धवट आहे हो. भांडणं होती, नाही म्हणत नाही, पण तुरुंगाचं काय? १९१९ ला स्कोप्येमध्ये (आजच्या उत्तर मॅसेडोनियात) ही पार्टी निघाली, तुर्क, अल्बेनियन, स्लाव्ह मुस्लिम सगळे तिच्यात, तिथल्या भाषेत सगळ्यांनाच तेव्हा सर्रास 'तुर्क' म्हणायचे, आणि गंमत म्हणजे नेते फेरहात बे द्रागा स्वतः अल्बेनियन. १९२१ ला राज्यघटनेच्या मतदानात यांनी पंतप्रधान निकोला पाशिचच्या सरकारला साथ दिली, बदल्यात जमीन सुधारणेत गेलेल्या जमिनींची भरपाई वगैरे आश्वासनं मिळाली, १९२३ ला तर १४ खासदार निवडून आणले. म्हणजे बंदूक घेऊन डोंगरात गेलेली माणसं नव्हती ही, संसदेत बसून हक्क मागत होती, मलाच वाचताना पोटात कालवतं की नेमकं अशाच माणसांना मोडायचं ठरवलं. सरकारशी बिनसलं आणि १९२५ च्या निवडणुकीच्या तोंडावर द्रागांना अटक, कार्यकर्त्यांवर दडपण, मतदारांना धाकदपटशा, मग एकही जागा आली नाही आणि पार्टी गेलीच. त्यानंतर दक्षिणेतल्या (कोसोवो, मॅसेडोनिया) सामान्य मुस्लिम शेतकऱ्याची जमीन बाहेरून आणून वसवलेल्या लोकांना वाटली जात असताना राजधानी बेलग्रेडमध्ये त्याच्या बाजूने बोलणारी स्वतःची पार्टीच उरली नाही. १९३८ ला तर ४०,००० मुस्लिम कुटुंबं तुर्कस्तानला पाठवायचा करार झाला, तो अमलात आला नाही ते वेगळं. लेखकांनी हे जोडावं ही मनापासून विनंती.